माळावरच्या पोरीचा बूट

जिल्ह्याच्या क्रॉस कंट्री, म्हणजे माळा-मैदानावरून धावायच्या लांब शर्यतीच्या निवड चाचणीत ती दुसरी आली तेव्हा तिच्या पायात काहीच नव्हतं. १८ वर्षांखालच्या मुलींचं अंतर ४ किलोमीटर. आमची अकरावीची मुलगी, नुकतीच सोळा पूर्ण झालेली, मुरमाड माळावरून स्पाइकवाल्या, म्हणजे खिळ्यांचे बूट घातलेल्या पोरींच्या घोळक्यातून सुटली आणि शेवटच्या चढाला फक्त एकीच्या मागे राहिली. राज्य स्पर्धेला २४ दिवस उरले होते.

मी माण तालुक्यातल्या एका हायस्कूल व ज्युनिअर कॉलेजात खेळ शिकवतो. त्या संध्याकाळी माझ्याकडे चार जणांची चार मतं येऊन पोचली. गावातला एक हौशी वार्ताहर म्हणाला, "सर, अनवाणीच पळू द्या. जिंकली तर पहिल्या पानावर." तिचा चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो, त्याने स्वतःच्या पैशाने जाड फोमचे बूट आणून ठेवले होते. मुख्याध्यापकांचं म्हणणं, शाळेचे पांढरे कॅनव्हास आहेत की, गणवेशात दिसेलही बरं. आणि वडील म्हणाले, "सर, बाकीच्या पोरी खिळ्याचं बूट घालत्यात. आमच्या पोरीलाबी तसलंच घ्या. पैशाचं बघू."

पैशाचं बघून झालं होतं. मंडळाचे १,५०० आणि आम्हा शिक्षकांचे १,१००, म्हणजे २,६०० रुपये. एकच जोड येणार, आणि तो चुकला तर दुसरा नाही. म्हणून हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय. तिचं नाव लिहीत नाही. गाव लहान आहे.

आधी अनवाणीचा मुद्दा निकालात काढतो, कारण त्याचीच चर्चा सगळ्यात जास्त झाली. नियमात अनवाणी धावायला बंदी नाही. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमात स्पष्ट आहे, खेळाडू अनवाणी धावू शकतो, दोन्ही पायांत बूट घालू शकतो किंवा एकाच पायात. दक्षिण आफ्रिकेत वाढलेली झोला बड अनवाणी पळण्यासाठीच ओळखली गेली, आणि १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षी जागतिक क्रॉस कंट्रीचं विजेतेपद तिचं होतं. वार्ताहराने मला अबेबे बिकिलाही ऐकवला. १९६० ला रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, सुवर्णपदक. मी त्याला विचारलं, १९६४ ला टोकियोत तोच बिकिला पुन्हा जिंकला तेव्हा पायात काय होतं? बूट होते. आणि रोममध्येही तो अनवाणी राहिला त्यामागे, सगळे सांगतात त्याप्रमाणे, नवे बूट पायाला बसत नव्हते हे कारण होतं. 'अनवाणी धावली' हा मथळा मला मनापासून आवडत नाही. त्यात पोरीच्या पायापेक्षा बघणाऱ्याच्या डोळ्यातल्या पाण्याचं कौतुक जास्त असतं.

पण मी अनवाणी नको म्हणालो त्याचं कारण हे नव्हतं. कारण होतं सुरुवातीची शंभर-दीडशे मीटर. राज्याला शंभरावर मुली एका रेषेत उभ्या राहतात आणि पहिल्या वळणाआधी सगळ्या एका फुफाट्यात शिरतात. त्यातल्या निम्म्यांच्या पायात पिना, म्हणजे स्पाइकच्या तळाचे खिळे. माळावरचे सराटे आणि बाभळीचा काटा ती सहन करते, तिचे तळवे चामड्यासारखे झालेत. दुसरीची ९ मिलिमीटरची पिन पायाच्या पाठीवर आली तर तिथं मात्र चामडं नसतं.

पाय

तालुक्याच्या दुकानात "नंबर काय?" असं विचारतात आणि पोरं चपलेचा नंबर सांगतात. ती म्हणाली, चार. मी तिला संध्याकाळी सरावानंतर बोलावलं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि पळताना तोच फुगलेला पाय बुटात असतो. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभं केलं. बसवून मोजलं तर पाय आखूड भरतो. अंगाचा भार पडल्यावर तो पसरतो. डावा २३.१ सेंटिमीटर, उजवा २२.८. चवड्याची रुंदी ९.६.

लांबी साधारण चार नंबरचीच निघाली, पण रुंदीने घोळ केला. लहानपणापासून मोकळ्या पायांनी वाढलेल्या पोरांची बोटं पंख्यासारखी फाकलेली असतात, आणि बायकांचे म्हणून जे बूट येतात ते चवड्यात अरुंद. दुकानात पहिला जोड घातल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, करंगळी कोंडल्यावानी वाटतीया." दुकानदार म्हणाला, वापरून सैल होईल. कॅनव्हास थोडं सैल होतं. आजकालचं शिवणीशिवायचं चिकटवलेलं वरचं कापड फारसं होत नाही, पायालाच फोड येतो. आम्ही मुलांच्या बुटांकडे वळलो. तिथं चवडा मोकळा मिळाला.

नंबराचं गणित लोकांना किरकोळ वाटतं. आपल्याकडे चालतो तो ब्रिटिश नंबर. त्यात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, जवळजवळ साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या थोडं वर. रोजच्या पळण्याच्या बुटात पायाच्या अंगठ्यापुढे साधारण हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा मी ठेवतो. शर्यतीच्या बुटात त्याच्या निम्मी, पण उतारावर नख पुढे आपटता कामा नये. म्हणून दुकानाबाहेरच्या रस्त्याच्या उतारावर तिला दोनदा पळवलं. दुकानदार कपाळाला हात लावून बसला होता. बूट परत ठेवताना सोल पुसून ठेवला, एवढं आम्हाला कळतं. मोठ्या पायाला बूट बसवायचा, म्हणजे तिच्या बाबतीत डाव्याला. लहान पायाची नाडी आवळता येते.

जमीन

बूट पायाला बसला पाहिजे हे सगळ्यांना माहीत आहे. बूट जमिनीलाही बसावा लागतो, हे क्रॉस कंट्रीतलं खरं दुखणं. नियम सांगतो, मार्ग शक्यतो गवताळ असावा आणि एक फेरी १५०० ते २००० मीटरची असावी. आपल्याकडे प्रत्यक्षात जे मिळतं ते असं: कुठे पोलो मैदानासारखी हिरवळ, कुठे विद्यापीठाच्या मागचा मुरूम, कुठे मुद्दाम नांगरून ठेवलेली पट्टी, आणि कुठे काळ्या रेगडीवर आदल्या रात्री टँकर ओतलेला. रेगडी ओली असेल तर बुटाला गाडग्याएवढा चिखल चिकटतो, तीच वाळली की भेगा पडतात आणि पाय अडकतो. या चारही जमिनींना एक बूट नाही.

स्पाइकचं काम पिन जमिनीत शिरली तरच होतं. पिन शिरली की पाय मागे सरकत नाही, वळणावर धरून ठेवतो. जमीन टणक असेल तर पिन शिरत नाही, आणि मग धावणारी व्यक्ती सहा-सात टोकांवर उभी राहते. प्रत्येक पावलाला तो दाब पातळ सोलमधून थेट चवड्यावर येतो. आमच्या माळावर स्पाइक घालून पळणं म्हणजे फरशीवर खिळे ठोकत जाणं.

माझी एक जुनी, अगदी गावठी चाचणी आहे. खिशात छोटा पेचकस ठेवतो. मैदानावर दहा-बारा ठिकाणी अंगठ्याच्या जोराने तो जमिनीत दाबायचा. सेंटिमीटरभर सहज गेला तर पिनांचा उपयोग. नुसता ओरखडा उठला तर पिना घरी ठेवाव्यात. पण स्पर्धेचं ठिकाण दोनशे किलोमीटरवर होतं. म्हणून तिथल्या एका ओळखीच्या प्रशिक्षकाला फोन केला. ते म्हणाले, "सगळं वाळलंय हो सर, गवत आहे पण खाली कडक. मुरमाची दीडशे मीटर पट्टी आहे, एक चढ आहे, बस." मी फोटो मागवले, त्यांनी पाठवले. पिवळं पडलेलं गवत, भेगाळलेली कड. माझा पुढचा सगळा निर्णय या फोटोंवर उभा राहिला, हे लक्षात ठेवा.

चार जोड, एक ओढा

शाळेमागे ६०० मीटरची फेरी आखली. ओढ्याकाठची हिरवळ, मग मुरूम, एक नांगरट, एक उतार. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळा जोड, प्रत्येकात चार फेऱ्या. एकाच दिवशी सगळे घातले तर शेवटचा जोड नेहमीच वाईट ठरतो, कारण पोर थकलेलं असतं.

चुलतभावाचे फोमवाले बूट किराणा दुकानाच्या काट्यावर टाकले: एक बूट २९० ग्रॅम. एका बुटाला १०० ग्रॅम वाढले की धावायला साधारण एक टक्का जास्त शक्ती लागते, हे बऱ्याच काळापासून मोजलेलं आहे. सपाट रस्त्यावर चांगला फोम त्यातली काही भरपाई करतो. ओबडधोबड जमिनीवर उंच सोल वेगळंच संकट आणतो: पाय जमिनीपासून जितका वर, तितका घोटा वळायला सोपा. तिसऱ्या फेरीत नांगरटीच्या कडेला तिचा पाय आत वळला. मुरगळला नाही, पण ती थांबली आणि माझ्याकडे बघून नुसतं हसली. आयुष्यभर जमिनीला तळव्याने ओळखणाऱ्या मुलीला अचानक गादीवर उभं केल्यासारखं झालं होतं. त्या बुटांत वाईट काही नाही. भरतीत मुलींना ८०० आणि मुलांना १६०० मीटर सपाट मैदानावर पळायचं असतं. आमच्या तालुक्यातली दुकानं त्याच गिऱ्हाइकासाठी माल ठेवतात. काम वेगळं आहे, इतकंच.

कॅनव्हासचा विषय लवकर आटोपतो. ओल्या गवतावर सोल साबणासारखा, आणि दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड. मुख्याध्यापकांना फोड दाखवला.

स्पाइक उसने मिळाले, कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थिनीचे. पाच नंबर, म्हणजे जवळपास नंबरभर मोठे, दोन मोजे घालून बसवले. पण नंबरापेक्षा मोठी अडचण दुसरी होती. ते ट्रॅकवरच्या ८०० मीटरचे होते. त्यांचा पुढचा भाग कडक पट्टीचा, नाक वर उचललेलं, टाचेखाली जवळजवळ काहीच नाही. क्रॉस कंट्रीचे स्पाइक मधोमध वाकतात, टाचेखाली थोडी गादी असते, बाहेरचं कापड चिखल सहन करणारं असतं. दोघांना खिळे असतात म्हणून ते एकच, असं धरून आपल्याकडे कितीतरी पोरांच्या पोटऱ्या जातात. हिरवळीवर ती त्यात वाऱ्यासारखी पळाली. मुरमावर आली की पावलं आखूड होत होती. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड झाल्या.

चौथा जोड तालुक्यात नव्हताच, साताऱ्याहून आणला: पातळ सोलचे हलके बूट, तळाला पिनांऐवजी रबराचे चौकोनी दाणे. या कल्पनेचं मूळ मजेशीर आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतले ओरेगॉनचे प्रशिक्षक बिल बॉवरमन यांनी घरातल्या वॉफल (चौकोनी खळग्यांचा जाड पोळा) भाजायच्या साच्यात रबर ओतून पाहिलं, आणि तो साचा कायमचा वाया गेला. आपल्याकडे कुणी आप्पेपात्रात ओतलं असतं. एक बूट १८० ग्रॅमचा, मुलांचा साडेचार नंबर, जोड १,९५० रुपये. त्यात ती हिरवळीवर स्पाइकपेक्षा फेरीला तीन-चार सेकंद हळू होती आणि मुरमावर तेवढीच जलद. एवढ्या फरकावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. आदल्या रात्री घरात जागरण-गोंधळ होता आणि ती दोन वाजता झोपली होती. मी सेकंदांपेक्षा उतार बघत होतो. या बुटात ती उतारावर मान खाली घालून पाय शोधत नव्हती.

वडिलांना पटवणं अवघड गेलं. त्यांच्या लेखी खिळे नसलेला बूट म्हणजे पोरीला हलका माल दिला. "सर, बाकीच्यांच्या पायात आसल आन् हिच्या न्हाय, आसं नको." मी म्हणालो, दादा, बैलाला पत्री मारतात ती रस्ता बघून मारतात ना? ते गप्प राहिले, पटलं म्हणून नव्हे, मास्तर म्हणतोय म्हणून. आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली, दहावी आली. तेव्हापासून इथल्या प्रत्येक बापाला पोरीच्या पायात काय आहे याची काळजी असते. काळजी चांगलीच आहे. पण दूरचित्रवाणीवर दिसणारा बूट त्या ट्रॅकसाठी असतो.

उरलेले सतरा दिवस

बूट घेतला तेव्हा १७ दिवस राहिले होते. अनवाणी पळणाऱ्या पायाला एकदम बूट चढवला तर पाऊल बदलतं, म्हणून पहिल्या आठवड्यात रोजचं निम्मं पळणं अनवाणीच ठेवलं, नव्या बुटात फक्त हिरवळीवर शंभर-शंभर मीटरच्या सात-आठ मोकळ्या धावा. दुसऱ्या आठवड्यात नांगरट आणि उतार. एकदा बूट मुद्दाम ओढ्यात बुडवून ओले करून पळवलं, कारण ओल्या बुटाचं वजन आणि ओल्या मोज्याचा घासा स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये. त्यात एक चूक सापडली: उजवी टाच उचलत होती. वरच्या शेवटच्या भोकातून नाडीचा छोटा फासा करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवली, टाच बसली. नाडीची गाठ दुहेरी, आणि टोकं आत खोचलेली.

बूट वाळवायला तिने पहिल्या दिवशी चुलीशेजारी ठेवले होते. तिच्या आजीने हाकारा केला म्हणून वाचले. उष्णतेने चिकटवलेला सोल सुटतो. मग रोज आत जुनं वर्तमानपत्र कोंबून ओसरीत, सावलीत. वार्ताहराचा पेपर अखेर कामाला आला.

स्पर्धा

आदल्या दिवशी दुपारी मैदानावर पोचलो. पेचकस काढला. दहा ठिकाणांपैकी सात ठिकाणी नुसता ओरखडा. फोटो खोटे नव्हते. मी समाधानाने झोपलो.

सकाळी सहाला गेलो तर अर्ध्या फेरीवर पाणी मारलेलं. धूळ उडते म्हणून संयोजकांनी पहाटे फवारे चालवले होते. वरचं दोन बोटं मऊ, खाली तसंच कडक. पेचकस आता सहज शिरत होता. मी काही बोललो नाही. सुरुवातीच्या रेषेवर पायातल्या बुटाबद्दल शंका पेरण्यासारखं दुसरं पाप नाही.

दोन फेऱ्यांची शर्यत. पहिल्या फेरीत ती बाराव्या-तेराव्या जागी होती. दुसऱ्या फेरीत फवाऱ्याखालच्या डाव्या वळणावर तिचा पाय सरकला, हात टेकला, उठेपर्यंत सहा-सात जणी गेल्या. मुरमाच्या पट्टीवर तिने त्यातल्या चौघी परत मागे टाकल्या. स्पाइकवाल्या तिथं कडेच्या गवताची अरुंद पट्टी शोधत होत्या. शेवटी सोळावी.

आल्यावर तिने बूट काढले. एकही फोड नव्हता. ती म्हणाली, "सर, त्या वळणाला खिळं पायजे हुतं." खरं होतं. आणि मुरमाला नको होते, हेही खरं. ६ मिलिमीटरच्या आखूड पिना लावलेले, मधोमध वाकणारे क्रॉस कंट्री स्पाइक असते तर बहुधा दोन्हीकडे निभावलं असतं, असं मला आज वाटतं. पिना बदलता येतात, हे माहीत असूनही मी तो पर्याय विचारात घेतलाच नाही. उसना जोड चुकीचा होता म्हणून सगळ्या स्पाइकवरच काट मारली. शिवाय जमिनीबद्दल विचारताना "आज कशी आहे" एवढंच विचारलं. "सकाळी पाणी मारता का" हा प्रश्न पाच सेकंदांचा होता.

या वर्षी जुलैपासूनच पैसे साठवले. क्रॉस कंट्रीचे स्पाइक घेतले, चवड्यात मोकळे. सोबत ६, ९ आणि १२ मिलिमीटरच्या पिनांचे तीन पुडे. नियमाने एका बुटाला ११ पर्यंत पिना चालतात. तिच्या बुटाला सहा बसतात. गवत-मातीवर २५ मिलिमीटरपर्यंत मुभा आहे, पण एवढ्या लांब पिना आपल्या जमिनीवर लागतील असं वाटत नाही. पिनेच्या आट्यांना लावताना किंचित व्हॅसलीन चोळतो, नाहीतर चिखल वाळून पिन अशी बसते की पक्कड घेतली तरी निघत नाही. दाण्याचे बूट ती रोजच्या सरावाला वापरते, अजून टिकून आहेत.

पिना फिरवायची किल्ली दोनदा हरवली. आता ती माझ्या शिट्टीच्या दोरीला बांधलेली आहे, पेचकसाशेजारी. शिट्टी वाजवली की तिन्ही एकमेकांवर आपटतात, आणि माळावरची पोरं म्हणतात, सरांचा बैल आला.